पहिलं चार्जिंग

बॅटरी ही वस्तू अंधारासाठी असते आणि विकत मात्र ती भर उजेडात घेतली जाते. माणसाच्या बऱ्याच अडचणींचं मूळ या एका व्यवस्थेत आहे. (लग्नंही दिवसाउजेडीच ठरतात, पण तो विषय वेगळा.)

घाटघरच्या अलीकडच्या एका वाडीत सावळेराम राहायचा. दोन गाई, थोडं भात, थोडी नाचणी आणि बायको लंकाबाई. भारनियमन हा जड शब्द शेंबड्या पोरालाही स्पष्ट म्हणता येत होता, तेव्हाची ही हकिगत. वाडीतली लाईट नेमकी धारांच्या वेळेला जायची. अशाच एका संध्याकाळी लंकाबाई दुधाची बादली घेऊन गोठ्याकडून येताना अंगणातल्या दगडाला ठेचाळली. दूध सांडलं, घोटा सुजला.

सावळेराम कळवळला. बायकोवर त्याचा जीव होता, फक्त तो दाखवायला त्याला काहीतरी निमित्त लागायचं. तो म्हणाला, "आता चार्जिंगची बॅटरीच घिऊ. स्वस्तातली, रोजच्या वापराची."

"त्यो दगुड तेवढा बाजूला करा," लंकाबाई म्हणाली.

या सूचनेची नोंद घेण्यात आली. दुसऱ्या दिवशी तिनंच लंगडत लंगडत पहारीनं दगड बांधाला लोटला. मूळ कारण अशा रीतीनं संपुष्टात आलं, पण तोवर खरेदीची प्रक्रिया सुरू झाली होती, आणि सुरू झालेली प्रक्रिया थांबवणं कोणत्याच राज्यकारभारात बसत नाही.

सावळेरामनं आधी पाहणी केली. पंचक्रोशीत ज्यांच्याकडे चार्जिंगची बॅटरी होती, ते शंभर टक्के समाधानी आढळले. ती लावून दाखवायला तयार असलेल्यांचं प्रमाण शून्य टक्के होतं. (कुणाची चार्जिंगला होती, कुणाची पोरानं नेली होती, एकाची मामाच्या गावाला गेली होती.) ज्यांच्याकडे ती नव्हती ते सगळे तिच्या विरोधात होते, पण अनुभव नसलेल्यांचं मत धरायचं नाही असं सावळेरामनं ठरवलं.

बहिणीचा पाय बघायला तळेघरहून कुंडलिक आला. तो लंकाबाईचा थोरला भाऊ. पिशवीतून त्यानं पिवळी, पट्ट्याची, लाल दिव्याची बॅटरी काढली. भर दुपार होती. शेजारची चार माणसं ओसरीवर बसलेली होती.

"कशी काय हाय, पावणं?" सावळेरामनं विचारलं.

कुंडलिकनं चौघांकडे एकदा बघितलं. "लई भारी, दाजी," तो म्हणाला आणि बॅटरी पुन्हा पिशवीत ठेवली.

बाजाराच्या दिवशी सावळेराम जुन्नरला गेला. सोबतीला जानकू होता. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखलेल्या घरातला माणूस, खांद्यावर घोंगडी बारा महिने. दुकानदारानं पिवळी बॅटरी लावून ओंजळीत धरली. उन्हात काही कळेना. तेव्हा जानकूनं दुकानाच्या पायरीवरच घोंगडी उलगडली आणि ती डोक्यावरून घेऊन दोघं तिच्या आत शिरले. बाहेर गिऱ्हाइकं थांबून बघू लागली. आत बॅटरी लागली.

"माझ्या नाकातलं क्यास दिसत्यात का?" जानकूनं विचारलं.

"मोजता बी येत्यात," सावळेराम म्हणाला.

चाचणी समाधानकारक झाली. नाक आणि बॅटरी यांच्यातलं अंतर वीतभर होतं. घर आणि गोठा यांच्यातलं अंतर त्याहून बरंच जास्त आहे, ही बाब चाचणीच्या कक्षेबाहेर होती.

डब्यातल्या कागदावर लिहिलं होतं की पहिलं चार्जिंग सलग बारा तास करावं, अन्यथा कंपनी जबाबदार नाही. वाडीत सलग बारा तास लाईट कुणाच्या आठवणीत नव्हती. म्हणून सावळेराम बॅटरी मांडीवर घेऊन एसटीनं पुन्हा जुन्नरला गेला आणि तिथं दिलेल्या पुतणीकडे, तेजस्विनीकडे, तिला मुक्कामी ठेवून आला. बाळंतपणाला लेक माहेरी ठेवावी तशा सूचना दिल्या. आणायला गेला तेव्हा तेजस्विनीनं बॅटरी हळदकुंकू लावून हातात दिली.

दोन दिवस बॅटरीनं गोठा, परस आणि समोरचा आंबा लखलखीत दाखवला. शेजारीपाजारी येऊन बघून गेले. तिसऱ्या दिवसापासून उजेड पिवळा झाला, मग तांबूस.

"पडतोय का उजेड?" सावळेरामनं ओसरीवरून विचारलं.

"बॅटरी कुठं धरलीय, त्येवढं दिसतंय," लंकाबाई गोठ्यातून म्हणाली.

त्यानं तेजस्विनीला फोन लावला. खोदून विचारल्यावर तिनं कबूल केलं की मध्ये पाचएक मिनिटं लाईट गेली होती. सावळेरामला हायसं वाटलं. दोष बॅटरीचा नव्हता, पहिलं चार्जिंग मोडलं होतं. तरी खात्री करावी म्हणून तो तळेघरला गेला. एसटी सोडली तिथून बरंच चालावं लागलं. पोचला आणि लाईट गेली. कुंडलिकनं मुकाट्यानं रॉकेलची चिमणी लावली.

"पावणं, बॅटरी कुठाय?"

"चार्जिंगला लावलीय."

"लाईट तर न्हाई."

"म्हणून तर लावून ठिवलीय. आली की व्हईल."

सावळेरामनं चिमणीची वात वर केली. मग तो म्हणाला, "मंग त्या दिशी लई भारी कशाला म्हणालात?"

"चार माणसं बसली व्हती, दाजी. खराब वस्तू लागली मंजी काय बोर्ड लावून बसायचं?"

"मला येकट्याला बाजूला घिऊन सांगायचं."

"सांगणार व्हतो. पर तुमी बी घेतलीत आन् बरं वाटलं. येडा मी येकटाच न्हाई, आसं."

सावळेरामला राग यायला हवा होता. त्यानं तो आणायचा प्रयत्नही केला. पण चिमणी पेटली तेव्हाच त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं होतं, आणि ते परत ठेवायची त्याला इच्छा होईना. दोघांनी नाचणीची भाकरी खाल्ली, गप्पा मारल्या. इतकं जिव्हाळ्याचं बोलणं त्यांच्यात लग्नापासून झालं नव्हतं.

आठवड्यानं दुधाच्या डेअरीवर जानकूनं त्याला गाठलं. "भाऊ, म्हाळसाला पहाटं मेंढरांकडं जावं लागतं. वाघराचं भ्या हाय. घिऊ का तुमच्यावाणी बॅटरी?"

जानकू साधा माणूस, प्रश्न त्याच्या बायकोच्या, म्हाळसाबाईच्या, जिवाचा. सावळेरामनं खरं सांगायला तोंड उघडलं. डेअरीवर पाचसहा माणसं होती, पाहणीतली शंभर टक्के समाधानी. सगळी त्याच्याकडे बघत होती. कुणाची पापणी हलत नव्हती.

"घे," सावळेराम म्हणाला. "लई भारी. फकस्त पहिलं चार्जिंग मोडू दिऊ नको."

सगळ्यांनी माना डोलावल्या.

किटली घेऊन मागं उभ्या असलेल्या लंकाबाईनं हे ऐकलं.  रात्री तिला झोप लागेना. दुसऱ्या दिवशी दुपारी ती सरळ म्हाळसाबाईकडे गेली आणि म्हणाली, "बाय, ती बॅटरी घिऊ नका. आमची फुकाट गेली. आमचं ह्ये सांगायचं न्हाईत, म्हणून म्या आले."

म्हाळसाबाई लसूण सोलत होती. तिनं मान वर केली नाही. "आमचं धनी मागच्याच बाजारी घिऊन आल्यात," ती म्हणाली. "पेटत न्हाई. तवापास्नं दिसंल त्याला इचारत फिरत्यात, घिऊ का म्हणून."

थोडक्यात, सल्ला मागणाऱ्याला सल्ला नको असतो, सोबत हवी असते. आणि ती देण्यात आपला समाज कधीही कमी पडलेला नाही. तुमचंच बघा. ही कथा कशी आहे हे उद्या तुम्हाला कुणीतरी चारचौघांत विचारील. ती तुम्ही शेवटपर्यंत वाचलेली आहे. वेळ तर गेलाच आहे. तेव्हा काय सांगायचं, ते वेगळं शिकवायची गरज नाही.