देशाचं नाव लिहायची जागा

मूर्खपणा आपलाच, हे सुनेत्रा पोंक्षे आधीच कबूल करून टाकते: करारात देशाचं नाव लिहायची जागा तिने मोकळी सोडली, आणि हेमांग टिपणीस त्या मोकळ्या जागेत नोकरीला रुजू झाला.

बावीस वर्षं तिची वकिली हीच. माणसं परदेशात पाठवणाऱ्या कंपन्यांना सांगायचं, की कुठल्या देशात किती रजा द्यावी लागते आणि कोणाला कसं काढता येतं. जुना करार घ्यायचा, त्यातल्या देशाचं नाव पुसायचं, नवं घालायचं. या वेळी पुसलं, तेवढ्यात मैत्रिणीचा साड्यांच्या सेलबद्दल फोन आला. घालायचं राहून गेलं. साडीही घेतली नाही.

पंधरा दिवसांनी हेमांगला पाठवणाऱ्या पंप कंपनीच्या एचआरमधल्या लोबोबाईंचा फोन आला. तक्रार नव्हती. हेमांग सुखरूप पोचला होता, विमानतळावर न्यायला माणूस आला होता, ऑफिस स्वच्छ होतं. फक्त तिथे सार्वजनिक सुट्ट्या किती, एवढंच त्यांना हवं होतं. सुनेत्राने करार उघडला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, कळवते.

मग हेमांगची बायको केतकी ऑफिसात आली. तो रोज फोन करतो म्हणाली. तिथे वारा नाही. पाट्या आहेत, पण त्यांच्यावर काही लिहिलेलं नाही. लोक मात्र अगदी सभ्य. त्याला काही त्रास नव्हता; तिलाच होता. परवा एका डोहाळजेवणात बायकांनी तिला नाव घ्यायला लावलं.

"मग घ्यायचं की," सुनेत्रा थट्टेत म्हणाली.

केतकी ताठ बसली. "तांब्याच्या कळशीत पाणी भरलं गाळून," इथे तिचे ओठ हलले, आवाज आला नाही, "रावांचं नाव घेते सगळ्यांचा मान पाळून."

सुनेत्राने करार पुढे ओढला.

"परवा पहिलं अक्षर तरी निघालं होतं," केतकी म्हणाली. "दारावरच्या पाटीवर आता नुसतं आडनाव उरलंय. तेही जायच्या आत त्याला घरी आणा, मॅडम. नंतर तो येईल कोणाकडे?"

परदेशात काम अडलं की तिथला वकील गाठायचा, हा धंद्याचा रिवाज. सुनेत्राने पत्र लिहिलं, पाकिटावर पत्ता घातला नाही, आणि पेटीत टाकलं. दुसऱ्या दिवशी तिथल्या वकिलांचाच फोन आला. मराठी स्वच्छ, मागे कसलाही आवाज नाही. त्यांनी न कंटाळता समजावलं. माणूस रुजू झाल्यावर जागा भरता येत नाही. खोडता मात्र येते. मूळ करारावर, शाईने, एक आडवी रेघ. तेवढ्याने माणूस सुटतो.

सुनेत्राने पट्टी धरून रेघ मारली. खाडाखोड केली की शेजारी छोटी सही करायची, हे तिने कितीतरी शिकाऊ वकिलांना ओरडून शिकवलंय. हात आपोआप गेला. केली.

गुरुवारी हेमांग घरी आला, दोन बॅगा घेऊन, जरा फिकट. केतकीने फोनवर अख्खा उखाणा नावासकट म्हणून दाखवला. सुनेत्रा दिवसभर स्वतःवर खूश होती, आणि संध्याकाळी जाऊन साडीही घेऊन आली.

सोमवारी ती नवी साडी नेसून ऑफिसला पोचली, तर दारावरची पितळी पाटी लखलखीत होती, आणि कोरी. टायपिस्ट देशमाने पाटी घासून घासून अक्षरं घालवतोय, असं म्हणून ती आत गेली. देशमाने नेहमीसारखा उठून उभा राहिला, हाक मारायला तोंड उघडलं आणि तसाच थांबला. खिडकीबाहेर पिंपळ होता. त्याचं एकही पान हलत नव्हतं.

तिने तिथल्या वकिलांना फोन लावला.

"अहो, मी नुसती सही केली होती."

"हो, पोचली," ते म्हणाले. "तुम्ही रुजू झाल्याची तारीख आम्ही सहीचीच धरलीय. आणि सार्वजनिक सुट्ट्यांचं तुम्हाला विचारायचं होतं ना, त्या नाहीत."