बॅटरीवरची वेत्रास्का

"ओल्दा, हिला धूर कुठून आला?" लिबुशेने विचारलं, आणि तिच्या नवऱ्याच्या, ओल्द्रिख पेखाचेकच्या, हातातला रंगाचा एअरब्रश जागच्या जागी थांबला.

गुरुवारची सकाळ होती. स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं होतं आणि त्यावर वीतभर लांबीची, हिरवी, लांब नाकाची वेत्रास्का, म्हणजे सैन्यातल्या ट्रकचं मॉडेल, उभी होती. खऱ्या वेत्रास्कातून आमच्याकडचा प्रत्येक बाप्या कधी ना कधी हाडं खिळखिळी करून घेत हिंडला आहे. सैन्यातली सक्तीची दोन वर्षं म्हणजे हा ट्रक आणि हा ट्रक म्हणजे ती दोन वर्षं, असंच ते समीकरण होतं. ओल्दाच्या वेत्रास्काच्या पोटात मात्र डिझेलचं इंजिन नव्हतं. त्या जागी त्याने बॅटऱ्यांच्या पेट्या, मोटर आणि केसाएवढ्या तारा बसवल्या होत्या. पाच महिने तो त्यात खपला होता. आणि आज शेवटचा हात फिरवताना, तीस वर्षांच्या सवयीने, त्याने धुराची नळी जिथे असते तिथपासून पार ताडपत्रीपर्यंत सुरेख काळी काजळी मारून ठेवली होती.

"सवयीने झालं," ओल्दा म्हणाला.

"विजेच्या गाडीला?"

"हात आपोआप गेला गं."

"अरे, चाळीस वर्षं ट्रॉलीबसच्या डेपोत विजेचीच कामं केलीस ना? एका तरी ट्रॉलीबसने धूर सोडलेला पाहिलास?"

"एकीने. तिची चौकशी बसली होती."

आता, घरातल्या टेबलावरच्या खेळण्याला थोडी काजळी लागली तर एवढं काय आभाळ कोसळलं, असं कोणी म्हणेल. पण असं म्हणणाऱ्याने आमच्या पार्दुबित्से शहरातला मॉडेलवाल्यांचा क्लब पाहिलेला नाही. या क्लबाच्या वार्षिक प्रदर्शनात परीक्षक प्रत्येक मॉडेलसमोर एक पिवळी चिठ्ठी ठेवतात. तिच्यावर कौतुकाचा शब्दही नसतो, फक्त चुका लिहिलेल्या असतात. एकही चूक सापडली नाही तर चिठ्ठी कोरी राहते. सव्वीस वर्षांत कोऱ्या चिठ्ठ्या तीनच निघाल्या, आणि तिन्ही मुख्य परीक्षक रोस्त्या कालाश याच्या मॉडेलसमोर होत्या. त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे, कारण कालाश सैन्यात रणगाड्यांच्या वर्कशॉपमध्ये सार्जंट होता. गाडीची माहिती त्यालाच असणार.

ओल्दाची गोष्ट निराळी. सैन्यातली दोन वर्षं त्याने मुदपाकखान्यात काढली. बटाटे सोलले, क्नेद्लिक म्हणजे पिठाचे गोळे उकडले, पातेली घासली. त्यामुळे तो रणगाडा करो, तोफ करो, कालाश भिंग लावून बघायचा, चिठ्ठीवर पाच-सहा ओळी खरडायचा आणि वर म्हणायचा, "तुझा दोष नाही रे ओल्दा. तुला कुठून माहीत असणार? तू आपला पळीवाला." मग सगळे हसायचे. ओल्दाही हसायचा. पण एकोणीस वर्षं असं हसून हसून त्याचा जबडा दुखायला लागला होता.

म्हणून यंदा त्याने डोकं चालवलं. 'असं झालं असतं तर' नावाच्या गटात कोणालाही कल्पनेतलं वाहन ठेवता येतं. ओल्दाने ठरवलं, आपण बॅटरीवर चालणारी वेत्रास्का करायची. अशी गाडी कधी झालीच नाही. जे बाळ जन्मालाच आलं नाही, त्याच्या नाकाला नावं कोण ठेवणार? आणि अशा या गाडीत जी एकमेव चूक करणं शक्य होतं, ती त्याने स्वतःच्या हाताने करून ठेवली होती.

"पूस आता," लिबुशे म्हणाली. "परवा प्रदर्शन आहे."

त्याने थिनर घेतलं आणि पुसलं. काजळी गेली आणि तिच्यासोबत हिरवा रंगही गेला. खाली पांढरं प्लॅस्टिक दात विचकायला लागलं. हा हिरवा त्याने तीन बाटल्यांतून थेंब थेंब मोजून तयार केला होता आणि त्याचा शेवटचा थेंब मंगळवारीच संपला होता.

"चिखल लावतो," ओल्दा म्हणाला. मॉडेलवाल्याला देव आठवण्याआधी चिखल आठवतो. त्याने खिडकीतल्या जिरेनियमच्या कुंडीतली माती उकरली, तिच्यात प्लॅस्टर आणि गोंद कालवला आणि गाडीची डावी बाजू लिंपून काढली. लिबुशेने आधी कुंडीकडे पाहिलं. मग गाडीकडे पाहिलं.

"एकाच बाजूला चिखल? कुशीवर लोळली की काय?"

ओल्दा विचारात पडला. मग त्याने पाव कापायची फळी उचलली, तिच्यावर प्लॅस्टरचा रस्ता केला, रस्त्याकडेला खड्डा केला आणि गाडीची डावी चाकं त्या खड्ड्यात उतरवली.

"माझी फळी!"

"नवीन आणतो."

"आणि ही इथे खड्ड्यात काय करतेय?"

"बॅटरी संपली म्हणून कडेला घेतली. कडेला घेताना घसरली."

"बरं. आणि ताडपत्रीवरचा धूर?"

ओल्दाने वर पाहिलं. ताडपत्री टिश्यू पेपरची होती, गोंदात भिजवून वाळवलेली. तिला थिनर लावलं असतं तर लगदा झाला असता. काजळी तिथे तशीच होती, काळीकुट्ट आणि सुंदर.

"लिबुशे," तो शांतपणे म्हणाला, "तुझ्या डोळ्यांच्या थेंबांची बाटली संपली का?"

"थोडी उरलीय."

"आज संपव."

दुपारपर्यंत त्या बाटलीचा जनरेटर झाला. त्याला जुन्या तोफेची दोन चाकं लागली, वाकडी नळी लागली, आणि तो खड्ड्यापलीकडे असा उभा राहिला की त्याचा धूर नेमका वेत्रास्काच्या ताडपत्रीवर यावा. आता काजळी कोणाची, हा प्रश्न मिटला. फक्त चार्जिंगचं भोक ओल्दाने चार महिन्यांपूर्वीच गाडीच्या उजव्या अंगाला पाडून ठेवलं होतं आणि जनरेटर उभा होता डावीकडे. त्यामुळे केबल गाडीच्या मागून वळसा घालून पलीकडे न्यावी लागली.

"म्हणजे विजेची गाडी," लिबुशे बोटांवर मोजत म्हणाली, "ती चालवायला डिझेल जाळायचं, आणि केबलला सगळ्या गाडीची प्रदक्षिणा. ओल्दा, तुला नक्की हेच दाखवायचंय?"

"मला काहीच दाखवायचं नाही. मला कोरी चिठ्ठी हवीय," ओल्दा म्हणाला. आणि तो पुन्हा चिखलात बोटं घालून बसला. लिबुशेला त्याचं वाईट वाटलं. एकोणीस पिवळ्या चिठ्ठ्या तो कुठे ठेवतो हे तिला ठाऊक होतं.

शुक्रवारी सकाळीही चिखल ओलाच होता. ओल्दाने ओव्हन पन्नासावर लावला, फळीसकट सगळं आत सरकवलं आणि केबल खरीखुरी दिसावी म्हणून तांब्याची बारीक तार शोधायला तो तळघरात गेला. इकडे लिबुशेने प्रदर्शनाच्या चहासाठी बाबोव्का करायला घेतली होती. केकचं पीठ साच्यात ओतलं, ओव्हन चालूच आहे हे पाहून तिला बरं वाटलं, आणि तिने तो एकशेऐंशीवर नेला.

वास आधी ओल्दाला आला. तो दोन-दोन पायऱ्या चढत वर पोहोचला तेव्हा लिबुशे हातमोजे घालून फळी बाहेर काढत होती आणि रडवेली झाली होती. वेत्रास्काचं नाक शाबूत होतं, पण मागचा भाग खाली बसला होता आणि मागची चाकं बाहेरच्या बाजूला फाकली होती.

"ओल्दा, मी बघितलंच नाही रे. मला वाटलं तूच माझ्यासाठी..."

ओल्दाने गाडीला एक फेरी मारली. खाली वाकला, वर झाला, पुन्हा वाकला. 

"बॅटऱ्या जड असतात," तो शेवटी म्हणाला आणि तारेची गुंडाळी उलगडायला बसला.

शनिवारी रेल्वेवाल्यांच्या सभागृहात टेबलं मांडली होती. अकराच्या सुमाराला कालाश भिंग घेऊन ओल्दाच्या टेबलाशी आला. त्याच्यामागे चिठ्ठ्यांचा गठ्ठा धरून स्तांदा वोंद्रा, हा दुसरा परीक्षक. तो सैन्यात ड्रायव्हर होता. लिबुशे शेजारच्या टेबलावर बाबोव्का घेऊन उभी होती, पण सुरी हातात तशीच होती.

कालाशने पाहिलं, आणि तो एवढ्या मोठ्याने हसला की पलीकडच्या टेबलावरचं विमान हललं.

"लेका ओल्दा! विजेची गाडी, आणि चार्ज करायला डिझेलचा जनरेटर?"

"हो," ओल्दा म्हणाला.

"आणि बॅटऱ्यांच्या वजनाने मागून बसलीय?"

"हो."

"आणि प्लग साहेबांनी नको त्या बाजूला लावला, म्हणून केबलला वळसा?"

"हो."

"अरे, हे तर अगदी आपल्या सैन्यासारखं..." कालाश हसता हसता गप्प झाला. त्याने भिंग खाली केलं, पुन्हा वर केलं. "स्तांदा, इकडे ये. ही गाडी मी पाहिलीय."

"काहीतरीच."

"शपथ. एकोणऐंशी साली, सरावाच्या माळावर. मागून अशीच बसलेली. आम्ही म्हणायचो हिच्यात भरलंय तरी काय."

वोंद्राने मान तिरकी केली. "थांब थांब. ताडपत्रीखाली झाकून ठेवायचे तीच ना? आवाजच नसायचा तिला. पहाऱ्यावरच्याला पत्ता लागायचा नाही."

"तीच!"

"अरे, मग मी चालवलीय ती!"

बघता बघता टेबलाभोवती आठ-दहा जण जमले. सगळे साठीच्या पुढचे, सगळे एके काळचे सैनिक. एकाला ती हिमात अडकलेली आठवली. दुसऱ्याने तिच्या बॅटरीवर रेडिओ लावून आइस हॉकीचा सामना ऐकला होता. तिसऱ्याच्या कॅप्टनने ती स्वतःच्या लग्नाला नेली होती. ओल्दा तोंड किंचित उघडं ठेवून एकेकाकडे बघत होता. त्या माणसांचे चेहरे वीस वर्षांच्या पोरांसारखे झाले होते.

"पण मग चूक आहे," कालाश म्हणाला आणि त्याने खिशातून पेन काढलं. "ती कल्पनेतली असती तर गोष्ट वेगळी. पण गाडी जर खरी, तर ती खऱ्यासारखी पाहिजे. केबल डावीकडे लागायची. आठवतंय ना स्तांदा?"

"डावीकडेच," वोंद्राने चिठ्ठी पुढे केली.

ओल्दाची कानशिलं तापली. ही गाडी कधी नव्हतीच, माझ्या डोक्यातून निघालीय, असं एक वाक्य बोललं की काम झालं असतं. ते त्याच्या ओठांवर आलंही. पण समोर दहा म्हातारे त्या गाडीत बसून माळावर हिंडत होते, आणि त्यांना खाली उतरवायचं त्याच्या जिवावर आलं. मात्र कोरी चिठ्ठी सोडायचंही त्याच्या जिवावर आलं.

"उजवीकडे होती," तो म्हणाला.

"कुठे पाहिलीस तू?"

"पाहिली कसली? रोज रात्री केबल मीच लावायचो."

"तू?" कालाश हसला. "लेका, तू तर मुदपाकखान्यात होतास."

"मग दुसरीकडे प्लग होता कुठे?" ओल्दा म्हणाला. "सगळ्या छावणीत जाड वायरिंग फक्त बटाटे सोलायच्या यंत्राला होतं. रात्री गाडी खिडकीशी उभी करायची, उजवं अंग भिंतीकडे. सकाळी ती काढली की मगच यंत्र चालू. उशीर झाला की क्नेद्लिकला उशीर, आणि शिव्या मला."

कोणी हसलं नाही. कालाशने एकदा प्लगच्या भोकाकडे आणि एकदा हातातल्या पेनकडे पाहिलं. सरळ हिशेब होता. छावणीतला प्लग कुठे असणार, हे पळीवाल्यालाच माहीत असणार.

"नंतरची मालिका असेल," तो शेवटी म्हणाला. "आमच्याकडे पहिली होती. नंतर बदललं असणार त्यांनी." त्याने पेनला टोपण लावलं, वोंद्राच्या हातातली चिठ्ठी घेतली आणि ती तशीच फळीसमोर ठेवली. पिवळी, कोरी. मग त्याने ओल्दाशी हस्तांदोलन केलं आणि कित्येक क्षण हात सोडला नाही.

ओल्दाला एवढा आनंद झाला की त्याला खुर्ची शोधावी लागली. गर्दी पांगली नव्हती. ती गाडी ताशी चाळीसने जायची की पन्नासने, यावर आता वोंद्राचं कोणाशी तरी कडाक्याचं भांडण जुंपलं होतं. लिबुशे बाबोव्काचा काप घेऊन त्याच्याजवळ येऊन बसली आणि त्याच्या कानाशी झुकली.

"ओल्दा, खरं सांग. अशी गाडी खरंच होती का रे?"

ओल्दाने केकचा तुकडा मोडला, वेत्रास्काकडे पाहिलं आणि तो तोंडात टाकला.

"होती ना," तो म्हणाला. "थंडीत फार त्रास द्यायची."