पुनम हवेत असताना झाडलेलं घर

"आता सांगतो ते कुणालाच खरं वाटणार न्हाई, आनि नका मानू," असं म्हणून कुरुंद्याच्या दगडोबानं ओट्यावर मांडी घातली. समोर शेजारची मंजुळाबाई आणि तिचा नवरा रामकिशन. दगडोबाची नात पुनम अमेरिकेला सुखरूप पोचल्याचा फोन नुकताच येऊन गेला होता, तरी आत लसूण सोलणारी त्याची बायको सखुबाई काही बाहेर आली नव्हती. मंजुळाबाईचं दगडोबाच्या सुनेशी रोज फोनवर बोलणं. लेक हवेत असताना घरात झाडू फिरला, हे सुनेला आज ना उद्या कळणारच होतं. कुणाच्या हातून फिरला, एवढंच दगडोबाला सावरता येण्यासारखं होतं.

माणूस गावाला निघालं की ते पोचेपर्यंत घर झाडायचं नाही, हा त्या घरचा शिरस्ता. पुनमच्या तिकिटावर लिहिलेलं, दिल्लीहून पहाटे चार, सॅन फ्रान्सिस्कोला सकाळी साडेसात. दगडोबानं बोटं मोजली. साडेतीन तास. आपली एस्टी संभाजीनगरला याहून जास्त घेते, विमान ते विमानच, असं म्हणून त्यानं साडेसातलाच पोरगी पोचल्याचं घरात जाहीर केलं.

"मंग आठाला मीच झाडू उचलला," दगडोबा म्हणाला. आत लसणाची टरफलं वाजायची थांबली.

शेतातली हळद वाळवायचे दिवस, घरभर पिवळी धूळ. ती सगळी उकिरड्यावर गेली, आणि समोरच्या घरातली आकांक्षा मास्तरीण मोबाइलवर विमानाचा नकाशा दाखवायला आली. बारा हजार चारशे किलोमीटर, सोळा तास. तिकडचं घड्याळच साडेबारा तास मागं. पोरगी अजून चीनवर होती. आकांक्षानं त्या इवल्याशा विमानावर बोट ठेवलं, आणि बोट उचललं तर खाली विमान नव्हतं. डोंगर होते, नद्या होत्या.

"सिग्नल नसंल, आबा," ती म्हणाली. पण तेच तिनं पुन्हा एकदा म्हटलं.

मग टोपल्याटोपल्यांनी धूळ घरात परत आली. कोंबडीची पिसं, कांद्याची सालं, जे जे गेलं ते सगळं, आठवून आठवून जिथल्या तिथं. वारा बिलकूल नव्हता. दगडोबा, सखुबाई, आकांक्षा, तिघंही दाराबाहेर उभी. आणि त्या पिवळ्या धुळीत उंबऱ्यापासून एकेक पाऊल उमटायला लागलं. अनवाणी, पुनमच्या मापाचं. माठापाशी येऊन थांबलं. माठावरचा गिलास हलला. परतीचं पाऊल काही उमटलं नाही. तिकडं नकाशावर विमान पुन्हा दिसू लागलं, होतं त्याच्या थोडं पुढं.

"आनि आत्ता फोनवर पोरगी काय म्हनली? आबा, तहानेनं जीव चालला व्हता, झोपेत कुनीतरी आपल्या माठातलं पानी पाजलं. जागी झाले तर मोजे पिवळे."

रामकिशननं खाली सोडलेले पाय हळूच ओट्यावर ओढून घेतले. मंजुळाबाईनं पदर अंगाभोवती घट्ट धरला. दगडोबाला वाटलं, जमलं. आता झाडूचं कुणाच्या ध्यानातही राहणार नाही.

मंजुळाबाईनं दारातून आत सखुबाईकडं पाहिलं.

"विमान गेलं, मानलं," ती सावकाश म्हणाली. "पावलं आली, ते बी मानलं, माज्या माहेरी असं झालेलं हाय. पन चाळीस वर्सं आपली भिंतीला भिंत हाय, दगडोबा भाऊ. तुमी झाडू उचलला, हे साफ खोटं हाय."