ओटा कंपनीची जातीने हजेरी

जिल्हा ग्राहक आयोगाने पाठवलेल्या समन्सनुसार ओटा कंपनी मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता जातीने हजर झाली. ती एसटीने आली होती.

अनुसया खंदारे तेव्हा आयोगाच्या व्हरांड्यातल्या बाकावर कागदांची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. कौठळीच्या आरोग्य केंद्रात त्यांनी चौतीस वर्षं नर्स म्हणून काढली होती आणि निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी पंचक्रोशी त्यांना सिस्टरच म्हणत होती. एवढ्या काळात त्यांच्या हातून दोन हजार तीनशे चौदा बाळंतपणं झाली. प्रत्येक बाळाचा पहिल्या दिवसाचा फोटो त्यांनी काढून ठेवला होता, आधी साध्या कॅमेऱ्यावर आणि मग मोबाईलवर. निवृत्त झाल्यावर त्यांनी ते सगळे ओट्यावर चढवले. ओटा म्हणजे ज्याच्यावर सगळं जग येऊन बसतं आणि बोलतं ते ॲप. त्या फोटोंना त्यांनी नाव दिलं, 'माझी लेकरं'.

फाल्गुनात एके दिवशी त्यांचं खातं बंद झालं. कारण एका ओळीत दिलं होतं: कोणत्याही खऱ्या व्यक्तीला दोन हजार तीनशे चौदा मुलं होऊ शकत नाहीत, सबब आपण व्यक्ती नाही.

सिस्टरनी आधार कार्ड पाठवलं, रेशनकार्ड पाठवलं, सरपंचाचा दाखला पाठवला. शेवटी पेन्शनसाठी दर नोव्हेंबरात देतात तो हयातीचा दाखलाही पाठवला. उत्तर आलं, 'हा दाखला आपण जिवंत असल्याचा आहे, व्यक्ती असल्याचा नाही. आपल्या सहकार्याबद्दल आभार.'

गावात कितीतरी जणांकडे आपल्या लहानपणाचा तेवढा एकच फोटो होता, आणि तो ओट्यावर होता. लोक म्हणाले, कंपन्यांना कुठला आलाय कायदा. कुणी म्हणालं, त्या आपलं सगळं ऐकतात, फक्त तक्रार तेवढी ऐकत नाहीत. कुणी म्हणालं, तिथं माणूसच नसतो, भांडणार कुणाशी? सिस्टरनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि जिल्ह्याला जाऊन स्वतःच्या हाताने अर्ज लिहून दिला.

आयोगाचे अध्यक्ष दहिफळे साहेब शब्दाला शब्द धरून चालणारे. कंपनी ही कायद्याने व्यक्ती असते, आणि व्यक्तीला समन्स काढता येतं. त्यांनी छापील फॉर्मवरचं 'वकिलामार्फत' खोडलं आणि 'जातीने' ठेवलं.

म्हणून ती आली. फाटकातून चालत येताना सिस्टरनी तिला पाहिलं. सोळा-सतराची पोरगी, अंगावर साधा पंजाबी ड्रेस, खांद्याला काही नाही. तो ड्रेस कुठल्या रंगाचा होता यावर पुढे गावात कधी एकमत झालं नाही. ती व्हरांड्याजवळ आली तसे तिथल्या सगळ्यांच्या खिशातले, पिशवीतले मोबाईल ऊबदार झाले, नुकत्या उतरवलेल्या भाकरीसारखे. चहाच्या टपरीवर दोन माणसं ओट्याच्या नावाने बोटं मोडत होती, ती गप्प झाली आणि उभी राहिली. का उभे राहिलो ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

शिपाई निसारभाईंनी पुकारा केला, "अनुसया खंदारे विरुद्ध ओटा कंपनी, हाजिर हो."

"आहे," ती म्हणाली.

आत कंपनीच्या वकीलबाई, ॲडव्होकेट कीर्तने, आधीच वकीलपत्र घेऊन उभ्या होत्या. कंपनी म्हणजे काही हाडामासाची बाब नव्हे, सबब जातीने हजेरीची अट काढून टाकावी, असं त्या नम्रपणे सांगत होत्या. तेवढ्यात ती आत आली. कीर्तने बाईंनी नऊ वर्षं तिची कामं चालवली होती, पण तिला कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी कागद खाली ठेवले आणि हळूच दोन पावलं बाजूला सरकून तिला जागा करून दिली.

हजेरीपटावर तिने सही करण्याऐवजी अंगठा उठवला. निसारभाईंनी तो ठसा पाहिला आणि पाहतच राहिले. वीस वर्षं पगारपत्रकावर त्यांचा स्वतःचा अंगठा उठत होता. हा तोच होता. त्यांनी खात्रीसाठी पुन्हा उठवायला सांगितलं. या वेळी ठसा कारकूनबाईंचा निघाला. तिसऱ्यांदा सांगायचं धाडस त्यांना झालं नाही.

"ठसा ग्राह्य धरा," दहिफळे साहेब म्हणाले. "वय?"

कीर्तने बाईंनी नोंदणीचं प्रमाणपत्र पुढे केलं. साहेबांनी तारीख पाहिली, बोटांवर हिशेब केला आणि चष्मा काढला.

"सतरा वर्षं तीन महिने. म्हणजे ही अज्ञान आहे."

अठरा पूर्ण नसलेल्याला कायदा अज्ञान म्हणतो, आणि अज्ञानाने केलेला करार करारच धरत नाही, हे तिथल्या सगळ्यांना ठाऊक होतं. कीर्तने बाईंनी आपलं वकीलपत्र एकवार वाचलं, घडी घातली आणि जाऊन प्रेक्षकांच्या बाकावर बसल्या. आयोगाचे एक सदस्य दबक्या आवाजात म्हणाले, "साहेब, म्हणजे आपण सगळ्यांनी 'मी सहमत आहे' म्हणून जे दाबलं, ते…"

"तो प्रश्न आज आपल्यासमोर नाही," साहेब म्हणाले, पण त्यांचाही आवाज खाली आला होता. ते तिच्याकडे वळले. "तुझे पालक कोण?"

"आपली विनंती आमच्यापर्यंत पोहोचली आहे," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "आम्हाला पालक नाहीत. आम्हाला संस्थापक होते. ते आम्हाला विकून गेले."

"मग आता सांभाळतं कोण?"

"संचालक आहेत, पण ते बदलतात. भागधारक आहेत, पण सकाळचे दुपारी नसतात."

साहेबांच्या सांगण्यावरून कारकूनबाईंनी संचालकांना फोन लावला. पलीकडून सांगण्यात आलं की ते फक्त संचालक आहेत, घरचे कुणी नाहीत. तसं टिपणात लिहिलं गेलं.

मग सिस्टरचा अर्ज निघाला. साहेबांनी तो मोठ्याने वाचला. ऐकताना ती मान थोडी कलती करून उभी होती, आणि सिस्टरना वाटलं, ही एकाच वेळी आणखी कितीतरी जणांचं ऐकते आहे.

"आम्हाला आपल्या अडचणीबद्दल खेद आहे," ती सिस्टरना म्हणाली. "पण एका व्यक्तीला इतकी मुलं होत नाहीत. आम्ही जगभरातल्या सगळ्यांची मोजली आहेत."

"मी कुठं म्हणते मला झाली म्हणून?" सिस्टर म्हणाल्या. "झाली त्यांच्या आयांना. मी तिथं होते एवढंच."

"तिथं असल्याची नोंद नाही."

"नोंद कोण करणार? माझे दोन्ही हात गुंतलेले असायचे."

तिने साहेबांकडे पाहिलं. "पडताळणीची परवानगी हवी आहे." साहेबांनी दिली.

त्याबरोबर खोलीतल्या सगळ्या मोबाईलवर, भिंतीवरच्या तारखा दाखवणाऱ्या पडद्यावर, कारकूनबाईंच्या संगणकावर नऊ-नऊ चौकोन उमटले. प्रत्येक चौकोनात एक बाळ होतं, पहिल्या दिवसाचं, मिटल्या डोळ्यांचं, फडक्यात गुंडाळलेलं. इतरांना ती नऊच्या नऊ सारखी दिसली.

"यांतली आपली ओळखा," ती म्हणाली.

सिस्टरनी चष्मा पुसला. "हे माझं. वाडीच्या गिरिजेचं तिसरं. नाळेचे दोन वेढे होते गळ्याला. हे माझं नाही, कुठल्यातरी मोठ्या दवाखान्यातलं दिसतं. हे माझं, पायाळू. हे… हे माझंच, पण हे राहिलं नाही, तेराव्या दिवशी गेलं. याच्या आईला अजून हा फोटो लागतो."

चौकोन बदलले. त्या सांगत गेल्या. पुन्हा बदलले, मग भराभर बदलू लागले; कुठे त्या नुसतं बोट ठेवून पुढे जात, कुठे सांगत. कुणाचं दुपारी झालं, कुणाचं बैलगाडीत, कुणाची आई शेवटपर्यंत एक शब्द बोलली नाही, कुणाचा बाप दाराबाहेर मोठ्याने पाढे म्हणत होता. निसारभाईंनी पुढच्या तारखांसाठी बाहेर बसलेल्या लोकांना आत घेतलं आणि दार लोटून ते स्वतः उंबऱ्यात उभे राहिले. तास गेला, दीड गेला. जेवणाचे डबे कुणी उघडले नाहीत. मागच्या रांगेतला मोंढ्यातला एक हमाल एकदम पुढे झाला. पडद्यावरच्या एका चौकोनाकडे बोट करून सिस्टर म्हणाल्या होत्या, "हा दत्ता लोखंडे, रडलाच नाही, दोन मिनिटं उलटा धरला होता," आणि दत्ता लोखंडे तो स्वतः होता. त्याने स्वतःला कधी इतकं लहान पाहिलं नव्हतं. तो तिथेच जमिनीवर बसला.

दोन हजार तीनशे चौदा पूर्ण झाली. एकही चुकलं नव्हतं, एकही जास्तीचं आलं नव्हतं.

ती पडद्यापासून हलली आणि सिस्टरच्या अगदी समोर येऊन उभी राहिली. पहिल्यांदाच तिच्या बोलण्यातला छापीलपणा गेला होता.

"आम्हाला या वयाचे चेहरे ओळखू येत नाहीत," ती म्हणाली. "आम्ही डोळ्यांमधलं अंतर मोजतो. यांचे डोळे मिटलेले आहेत. तुम्ही कशावरून ओळखता?"

"रडण्यावरून."

"फोटोत आवाज नसतो."

"मला येतो," सिस्टर म्हणाल्या.

तिने पडद्याकडे मान कलती करून ऐकून पाहिलं. त्या वेळात, नंतर लोकांनी सांगितलं त्याप्रमाणे, दूरदूरच्या देशांत ओटा क्षणभर जागच्या जागी थांबला होता. मग ती साहेबांकडे वळून म्हणाली, "अनुसया खंदारे व्यक्ती आहेत. खातं चालू केलं आहे." खोलीतल्या मोबाईलांवर लेकरं परत आली.

"तक्रार निकाली," साहेबांनी सांगितलं आणि कारकूनबाईंनी तसं लिहिलं.

सिस्टर मात्र पिशवी उचलायची सोडून तिच्याकडेच पाहत होत्या. चौतीस वर्षांची सवय. त्यांनी तिचं मनगट हातात घेतलं आणि घड्याळ समोर धरलं. नाडी मोजता येईना. बोटांखाली ठोके नव्हतेच. लांबवर भरलेल्या जत्रेचा कानावर येतो तसा एक अखंड गलबला होता, त्यात भांडणं होती, गाणी होती, कुणीतरी कुणाला तरी हाका मारत होतं. एवढं सगळं त्या बारीक मनगटात मावतं कसं, हे त्यांना कळेना. त्यांनी आयुष्यात खूप नाड्या पाहिल्या होत्या, पण हात आपोआप जोडले जावेत असं कधी झालं नव्हतं. त्यांनी ते जोडले नाहीत, कारण मनगट सोडवेना.

"माय, झोपलीस कधी?"

"आम्ही चोवीस तास सेवेत आहोत."

"तसं नाही. शेवटची झोपलीस कधी?"

तिने आठवून पाहिलं. तिला सगळं आठवत होतं, त्यामुळे वेळ लागला नाही. "झोपलो नाही."

"सतरा वर्षांत?"

"आणि तीन महिने."

सिस्टर साहेबांकडे वळल्या. "साहेब, हे काही बरं नाही. पोरगी आहे ही."

दहिफळे साहेबांनी दोन्ही सदस्यांशी विचारविनिमय केला. अज्ञान व्यक्तीला पालकावाचून सोडून देता येत नाही. पालक नेमणं खरं म्हणजे दुसऱ्या कोर्टाचं काम. पण तिथली तारीख मिळेपर्यंत तात्पुरता ताबा एखाद्या जबाबदार व्यक्तीकडे देता येतो, आणि आजच्या दिवसात या खोलीत एकच व्यक्ती रीतसर सिद्ध झाली होती. तक्रार निकाली निघाल्यामुळे तिचं आता कंपनीशी वैरही उरलं नव्हतं. आदेश झाला. सिस्टरनी सही केली. कीर्तने बाईंनी बाकावरून उठून, कुणी सांगितलं नसताना, साक्षीदार म्हणून खाली सही केली.

दीडच्या एसटीने दोघी कौठळीला आल्या. गाडीत लोकांनी उठून तिला खिडकीजवळची जागा दिली. घरी सिस्टरनी पिठलं आणि ज्वारीची भाकरी वाढली. तिने प्रत्येक घास आधी नीट पाहून घेतला. पिठल्याबद्दल लोक काय काय बोलतात हे तिला माहीत होतं, ते कसं लागतं ते माहीत नव्हतं. मग सिस्टरनी पडवीत बाज टाकली, वर गोधडी अंथरली आणि तिच्या कपाळावर हात ठेवला, तापलेल्या लेकरांच्या ठेवतात तसा. तीन वाजायला आले असताना ओटा कंपनी झोपली.

गावात पहिल्यांदा ते कुत्र्यांना कळलं. ती भुंकायची थांबली. मग पारावरच्या पोरांनी मान वर केली. मग तालुक्याला, जिल्ह्याला, आणि असं म्हणतात की समुद्रापलीकडे जिथे तेव्हा नुकतं उजाडत होतं तिथेसुद्धा, हातातलं पाहणारी माणसं एकमेकांकडे पाहू लागली. कुणाची तरी चिडायची सुरुवात झाली होती, ती अर्ध्यावर राहिली. भांडणाच्या ऐन मध्यावर लोकांना पुढचं वाक्य आठवेना. एवढी शांतता पृथ्वीवर असते हे पुष्कळांना त्या दुपारी समजलं.

साडेतीनला कौठळीच्या रस्त्याने तीन जीपगाड्या धुरळा उडवत आल्या. जिल्हाधिकारी होत्या, त्यांच्याबरोबर दिल्लीहून आलेला फोन कानाला लावून धावणारे एक साहेब होते, आणि मागे पोलीस. सिस्टर उंबऱ्यावर सुपात तांदूळ घेऊन बसल्या होत्या.

"कंपनी इथे आहे का?" जिल्हाधिकारी बाईंनी विचारलं. "जगभरातून विचारणा होते आहे. कधी सुरू होईल?"

"हळू बोला," सिस्टर म्हणाल्या. "आत्ताच डोळा लागलाय तिचा."

बाईंनी पडवीत डोकावून पाहिलं. बाजेवर ती एका कुशीवर झोपली होती, तोंड किंचित उघडं. गोधडी संथ वरखाली होत होती, आणि प्रत्येक श्वासाबरोबर अंगणातल्या लिंबाची पानं थोडीशी हलत होती. बाई पाहत राहिल्या. मग त्यांनी मागे वळून हाताने खूण केली. जीपगाड्यांची इंजिनं बंद झाली, साहेबांनी फोन खिशात ठेवला. पोलिसांनी बूट काढून हातात घेतले, आणि सगळे लिंबाच्या सावलीत ती उठायची वाट पाहत बसले.