एकट्यांची टंचाई

नाताळ हा सण घरी साजरा करायचा असतो, आणि ते घर दुसऱ्याचं असावं अशी प्रत्येकाची मनोमन इच्छा असते. इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्सच्या ओल्डरॉइड कुटुंबात हे 'दुसऱ्याचं घर' गेली बावीस वर्षं हिलरीचं होतं. पंचवीस डिसेंबरला पहाटे उठून ती टर्की ओव्हनमध्ये ढकलायची. दुपारी सासूबाई विनिफ्रेड दारात हजर व्हायच्या. मग इंग्रजी रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी डोक्यावर कागदी मुकुट चढवून जेवायला बसायचं, आणि तिसऱ्या घासाला सासूबाई म्हणायच्या, "छान झालंय हं सगळं. कोबी तेवढा जरा करकरीत राहिलाय का गं, की माझेच दात गेले?"

बावीस वर्षं कोबी करकरीत राहिला होता. सासूबाईंचे दात मात्र ठणठणीत होते.

यंदा ऑक्टोबरात एके दिवशी भांडी घासता घासता हिलरीने बंड पुकारलं. "डेस्मंड, मला एक नाताळ असा हवाय की मी बसलेय आणि दुसरं कुणीतरी मला वाढतंय. मरायच्या आधी एक. जास्त मागतेय का मी?"

डेस्मंड हा न्हाणीघराच्या फरश्या विकणारा शांत गृहस्थ. तो वादात पडत नसे, कारण फरशी बसली की हलत नाही हे त्याला धंद्यातून कळलेलं होतं. त्याने मुकाट्याने कोपनहेगनची तीन दिवसांची सहल ठरवली. राहता राहिल्या सासूबाई.

"आईला काय सांगणार आहेस?" हिलरीने विचारलं.

"कामाला जातोय म्हणून सांगतो. फरश्यांचं आंतरराष्ट्रीय संमेलन आहे म्हणतो."

"नाताळात?"

"आंतरराष्ट्रीय आहे ना. त्यांचं वेगळं असतं."

फोनवर विनिफ्रेडबाई चकित झाल्या. "नाताळच्या दिवशी फरश्या? काय मेली माणसं! पण कामाला नाही म्हणू नये रे बाबा. आणि हिलरी कशाला चाललीय?"

"तिला... फरश्यांतलं कळतं, आई."

"बरं बरं. जा तुम्ही. माझं काय, मी टोमॅटोचं सूप करीन."

हे 'माझं काय' हिलरीच्या मनात जे रुतून बसलं, ते विमानातही निघालं नाही. तरी ती गेली. बंड पुकारून परत ओव्हनपाशी जाणं तिला शोभलं नसतं.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. इंग्रज माणूस परदेशी जाताना हवामान बघतो, पण कॅलेंडर बघत नाही. ते तो आपलंच बरोबर नेतो. इंग्रजांच्या कॅलेंडरात चोवीस डिसेंबरची संध्याकाळ म्हणजे रोषणाई, गर्दी, गरम दारू, रस्त्यात गाणी. कुलूप लागतं ते पंचवीसला. डेन्मार्कमध्ये सगळा नाताळ उरकतो तो चोवीसच्या रात्री, घरी, पडदे ओढून. त्यामुळे ओल्डरॉइड दांपत्य दुपारी उशिरा हौसेने चौकातल्या नाताळबाजारात पोचलं, तेव्हा शेवटच्या टपरीवर ताडपत्री ओढली जात होती.

"बंद?" डेस्मंडने विचारलं.

"बंद," टपरीवाली म्हणाली.

"का बरं?"

"नाताळ आहे."

"अहो, आम्ही नाताळासाठीच तर आलोय!"

"मग घरी जा ना," बाई अगदी आपुलकीने म्हणाल्या आणि सायकलवर टांग टाकून स्वतः घरी गेल्या.

पुढचा तासभर दोघं बंद दारं वाचत हिंडली. खाणावळ बंद, दुकानं बंद, झुल्या-पाळण्यांची शहरातली प्रसिद्ध बागसुद्धा बंद. प्रत्येक दारावर 'नाताळच्या शुभेच्छा' एवढं मात्र न चुकता लिहिलेलं. खिडक्याखिडक्यांतून मेणबत्त्या दिसत होत्या आणि भाजलेल्या बदकाचा वास रस्त्यावर येत होता, पण वासाने कुणाचं पोट भरलंय? हॉटेलवर परतावं तर तिथलं स्वयंपाकघर बंद, आणि काउंटरवरच्या टोपलीतली सफरचंदं मेणाची निघाली. हा शोध डेस्मंडने दातांनी लावला.

"हाच का तो नाताळ, ज्यात मला कुणीतरी वाढणार होतं?" हिलरीने विचारलं. डेस्मंडने दातातलं मेण काढायचं काम चालू ठेवलं.

कोट घालून घरी निघालेल्या काउंटरवरच्या बाईंना त्यांची दया आली. "शेजारच्या शाळेच्या सभागृहात आज जेवण आहे. पण ते एकट्या माणसांसाठी असतं." मग त्यांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "तुम्ही तर दोघं आहात."

"आमच्या लग्नाला फार वर्षं झालीत," डेस्मंड म्हणाला.

बाईंना हे पटलं.

सभागृहाच्या दाराशी 'एकाकी नागरिक नाताळ स्नेहभोजन समिती'च्या अध्यक्षा बीर्थे लुंडगोर लाल एप्रन बांधून उभ्या होत्या. दोन अनोळखी, भुकेली, गारठलेली माणसं बघून त्यांचा चेहरा असा उजळला, की आत नाताळच्या झाडावर मेणबत्त्या लावायची गरजच उरली नाही.

"या, या! एकटे ना?"

"म्हणजे तसे..."

"दोन आले!" बीर्थेबाई आत ओरडल्या आणि सभागृहात आनंदाची लाट उसळली.

आत लाल एप्रन बांधलेले चाळीसएक स्वयंसेवक भिंतीला लागून उभे होते. मधल्या लांब टेबलावर एक म्हातारे गृहस्थ एकटेच बसले होते, आणि पाचजण मिळून त्यांना पाणी देत होते.

"बाकीचे एकटे यायचेत का?" हिलरीने विचारलं.

बीर्थेबाईंनी सुस्कारा सोडला. "हेच तर दुखणं आहे. स्वयंसेवकांची नावं ऑगस्टमध्येच भरतात. मागे प्रतीक्षायादी असते. वशिले लावतात हो लोक! आणि एकट्यांचा मात्र दरवर्षी तुटवडा. शहरात एकटे भरपूर आहेत, पण घरात बसून राहतात. सामाजिक जबाबदारी म्हणून काही आहे की नाही? आता एकच अडचण. तुम्ही नवरा-बायको?"

"हो."

"नियमाप्रमाणे जोडपं एकटं धरता येत नाही. पण तुम्ही वेगवेगळ्या टेबलांवर बसलात, तर प्रत्येकजण एकटाच. फक्त जेवताना एकमेकांकडे बघू नका. बघितलंत तर मला दखल घ्यावी लागेल."

"त्याची सवय आहे आम्हाला," हिलरी म्हणाली.

डेस्मंडला खिडकीपाशी नेलं आणि तो एप्रनांच्या गर्दीत दिसेनासा झाला. लांब टेबलाशी, त्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या शेजारी हिलरीची खुर्ची ओढली गेली, मांडीवर रुमाल पसरला गेला, पुढ्यात बदक आलं, साखरेत घोळवलेले बटाटे आले, लाल कोबी आला. बावीस वर्षांत पहिल्यांदा ती बसली होती आणि दुसरं कुणीतरी वाढत होतं. तिच्या डोळ्यांत पाणीच यायचं, पण तेवढ्यात समोर मेटे नावाची एक स्वयंसेविका येऊन बसली.

"बोला," मेटे म्हणाली. "अगदी मोकळेपणानं."

"जेवण फार छान आहे."

मेटेचा चेहरा पडला. तिच्यामागे तिघी आपापली पाळी यायची वाट बघत होत्या. "तसं नव्हे. आतलं काहीतरी. मन हलकं होतं."

"माझं तसं बरं चाललंय."

मेटेच्या हातात रश्श्याचं भांडं होतं. ते हातातच राहिलं. हिलरीने कोरड्या बदकाकडे बघितलं, रश्श्याकडे बघितलं, आणि व्यवस्था काय आहे ते तिच्या ध्यानात आलं. इथे दुःख पुढे केल्याशिवाय रस्सा पुढे सरकत नव्हता.

"आमच्याकडे एक म्हाताऱ्या बाई आहेत," तिने चाचरत सुरुवात केली. "सण आलाय आणि घरात एकट्याच आहेत. मुलगा-सून सहलीला गेलेत. खोटं सांगून."

काय सांगू तुम्हाला, रश्श्याचा पूर आला. भिंतीला लागलेले एप्रन सुटून टेबलाभोवती गोळा झाले. "अगंबाई!" "काय ही माणसं!" मेटेने डोळे टिपले. "सणासुदीला आईला टाकून फिरायला जातात? काळजं आहेत की दगड? आमच्यात नाही बाई असं."

"तुमच्या आई कुठे असतात?" हिलरीने सहज विचारलं.

"आई? घरी. एकटीच आहे," मेटे म्हणाली. "पण तिला ठाऊक असतं, आज मी एकट्यांच्या सेवेत असते. तिला फार अभिमान आहे माझा."

मागच्या तिघींनी माना डोलावल्या. त्यांच्याही आयांना फार अभिमान होता.

तेव्हा शेजारचे म्हातारे गृहस्थ पहिल्यांदाच हसले. त्यांचं नाव आक्सेल. पाणी देणाऱ्या पाचांना हाताने बाजूला सारून ते हिलरीकडे झुकले. "पहिलंच वर्ष दिसतंय तुमचं. मी जुना एकटा आहे. दरवर्षी दुपारी गाडी पाठवून उचलून आणतात मला. बरा रेडिओ ऐकत बसलेलो असतो."

"मग नाही म्हणावं."

"नाही कसं म्हणू? मुलगी अध्यक्ष आहे माझी." त्यांनी काट्याने दाराकडे दाखवलं. तिथे बीर्थेबाई उभ्या होत्या.

"त्या तुमच्या कन्या? मग त्या का नाही वाढत तुम्हाला?"

"छे छे! नात्यातल्या माणसाची सेवा करता येत नाही. पक्षपात होतो. नियम तिनेच केलाय. हुशार आहे हो पोर! ती त्या टोकाला असते. मधूनमधून हात करते."

खरोखरच त्या क्षणी बीर्थेबाईंनी लांबून हात केला. नियमात बसेल इतकाच.

शेवटी तांदळाची गार खीर आली. त्यात एक अख्खा बदाम लपवतात आणि तो ज्याला सापडेल त्याला बदामाच्या मिठाईचं डुक्कर बक्षीस मिळतं. कुणीच एकटा हिरमुसू नये म्हणून समितीने सगळ्यांच्याच वाटीत बदाम घातला होता. तिघांना एकदम बदाम सापडला आणि चाळीसजणांनी तीनदा टाळ्या वाजवल्या. "घरी फळीवर रांग लागलीय डुकरांची," आक्सेल पुटपुटले. "कुणाला देऊ, सांगा."

हिलरीने खिरीची वाटी बाजूला सारली. ती उठून बाहेरच्या बोळात गेली आणि तिने हॅलिफॅक्सला फोन लावला.

बऱ्याच वेळाने पलीकडून आवाज आला. "हॅलो? कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं, आई. सहज केला."

"परदेशातून सहज? बरी आहेस ना गं? संमेलन काय म्हणतंय?"

"चाललंय. तुमचं काय चाललंय?"

"उद्याची मांडामांड. नाताळ म्हणून चुकून तीन ताटं काढली बघ. मग दोन परत ठेवली. मुकुट मात्र घालणार आहे हो मी, नियम म्हणजे नियम. आणि सुपाबरोबर थोडा कोबी करीन म्हणते. तुझ्यासारखा करकरीत जमतोय का बघते. मला तसाच आवडतो."

"तसाच आवडतो? मग इतकी वर्षं दर नाताळाला..."

"अगं, जेवताना काहीतरी बोलायला नको का?" विनिफ्रेडबाई म्हणाल्या. "फोन ठेव आता, पैसे जातील तुझे."

हिलरी भिंतीला टेकून रडली. हुंदके देऊन, लहान पोरीसारखी रडली. आत्ता उठून घरी जावं, दोन ताटं परत टेबलावर मांडावीत, असं तिला आतड्यातून वाटलं. पण उद्या विमान नव्हतं. नाताळ होता.

तशीच ती सभागृहात शिरली आणि सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. इतक्या वर्षांत समितीला खरं रडणारं माणूस पहिल्यांदाच मिळालं होतं. चाळीस एप्रन एकदम धावले. खुर्च्या पडल्या, दोघी एकाच रुमालावरून भांडल्या, शेवटी बीर्थेबाईंना घंटा वाजवावी लागली. "रांगेने! सांत्वन रांगेने करा! एकीला दोन मिनिटं!" या गडबडीत डेस्मंडने सलग तीन वेळा बायकोकडे बघितलं, पण त्याची दखल घ्यायला कुणी रिकामं नव्हतं.

परतल्यावर हिलरी थेट सासूबाईंकडे गेली. त्यांच्या गळ्यात पडली आणि फरश्यांचं खरं काय ते सांगून मोकळी झाली. "अगं, मला ठाऊक होतं," सासूबाई म्हणाल्या. "डेस्मंडला लहानपणापासून खोटं बोलता येत नाही." हिलरीने त्यांना वचन दिलं, की यापुढे कुठल्याही नाताळाला तुम्ही एकट्या राहणार नाही.

आणि वचन तिने पाळलं. नुसतं पाळलं नाही, त्याची रीतसर व्यवस्था लावली. पुढच्याच उन्हाळ्यात हॅलिफॅक्समध्ये एकट्यांच्या स्नेहभोजनाची समिती उभी राहिली. हिलरी अध्यक्ष झाली, लाल एप्रन शिवून आले, आणि स्वयंसेवकांची नावं ऑगस्टमध्येच भरली. एकट्यांत पहिलं नाव विनिफ्रेडबाईंचं होतं. पंचवीस डिसेंबरला दुपारी त्यांना आणायला गाडी गेली. हिलरीला त्या दिवशी चूल पेटवावी लागली नाही, सासूबाई एकट्या राहिल्या नाहीत, आणि कुणाला खोटंही बोलावं लागलं नाही.

चौथ्या टेबलावर विनिफ्रेडबाई कागदी मुकुट घालून बसल्या होत्या. समोर एक गोड मुलगी येऊन बसली. "बोला आजी, अगदी मोकळेपणानं." विनिफ्रेडबाईंनी कोबीचा घास घेतला. आचाऱ्याने तो शिजवून शिजवून लगदा केला होता. त्यांनी मान वर करून इकडेतिकडे कुणालातरी शोधलं. सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला हिलरी उभी होती. नात्यातल्या माणसाची सेवा करता येत नाही, पक्षपात होतो. तिने लांबूनच हात केला.

हिलरीला तुम्ही खुशाल नावं ठेवा. फक्त तुमची आई कोणत्या टेबलावर बसलीय, तेवढं बघून ठेवा. हात करायला बरं पडतं.