जनूमामांची तहकूब सभा

मुरुडला जनूमामांच्या पडवीत पाहुण्याला आधी पाणी मिळत नाही, आधी घंटी मिळते. पडवीच्या वाशाला एसटीतली जुनी घंटी टांगलेली आहे आणि तिची दोरी मामांच्या आरामखुर्चीशी, बरोबर उजव्या हाताशी, आणून सोडलेली आहे. तुम्ही पायरी चढलात की मामा चष्म्यावरून तुमच्याकडे बघतात, मग स्वतःच्या पोटाकडे बघतात, बोटांवर एक-दोन मोजतात आणि ओरडतात, "कोरम भरला!" मग दोरीला दोन हिसके. टिंग टिंग. सभा सुरू. आत मामी चहाचं आधण ठेवतात. तुमचं बोलणं लांबलं की एकच टिंग. एक घंटी म्हणजे काय ते कोकणात पोरासोरांनाही ठाऊक आहे. उतरा.

ही घंटी मामांनी भंगारवाल्याशी सबंध एक दुपार हुज्जत घालून मिळवली. मामी म्हणतात, तेवढ्या पैशात मिक्सर आला असता आणि तोही कमी वाजला असता.

जनूमामा म्हणजे रिटायर्ड कंडक्टर. त्यांच्या आवाजाबद्दल मी काही सांगितलं तर तुम्ही म्हणाल हा लॉजवाला फेकतो. म्हणा. पण मामांनी मुरुडच्या स्टँडवर "पुढे सरका!" म्हटलं की पाठीमागे उभ्या असलेल्या दुसऱ्या गाडीतले लोकसुद्धा पुढे सरकत. एकदा तर जंजिऱ्याकडे निघालेल्या होडीतली माणसं एकदम पुढच्या टोकाला गोळा झाली आणि होडी उलटता उलटता वाचली. ही गोष्ट मुरुडात सगळ्यांना माहीत आहे. मीच सांगितली आहे.

अशा माणसाने रिटायर झाल्यावर काय करावं? नारळ मोजावेत, देवळात बसावं, सुनांना नावं ठेवावीत. मामांनी कंपनी सेक्रेटरीच्या परीक्षेला नाव घातलं. बाहेरून बी.कॉम. त्यांनी नोकरीतच केलं होतं, तिकिटांच्या ट्रेखाली पुस्तक ठेवून. कंपनी सेक्रेटरीच्या परीक्षेला वयाची अट नाही आणि कितीदा बसावं यालाही अट नाही, हे समजल्यावर मामा म्हणाले, "मंग ही परीक्षा माझ्यासाठीच काढलेली हाय."

खरं कारण वेगळं होतं. खरं कारण अब्बासभाई ड्रायव्हर.

अब्बासभाई आणि जनूमामा एका गाडीवर. उभी हयात. एकाने चालवायची, एकाने घंटी द्यायची. दोघं रिटायरही एका दिवशी झाले. निरोपाच्या समारंभात अब्बासभाई हार घालून उभे राहिले आणि हसत हसत बोलून गेले, "गाडी चालवतो ड्रायव्हर. कंडक्टर काय, सुट्टे पैसे न्हाय म्हणून भांडतो. कंडक्टर नसला तरी गाडी चालते!" मंडप खदाखदा हसला. मामा हसले नाहीत. आणि नशिबाची खोडी बघा, थोड्याच दिवसांत आमच्या मार्गावर विनावाहक गाडी आली. स्टँडवरच तिकीट काढायचं, गाडीत एकटा ड्रायव्हर. मामांनी स्टँडवर नारळ फोडल्यासारखी प्रतिज्ञा फोडली, "कंडक्टर नसलेल्या गाडीत हा जनार्दन पाय ठेवणार न्हाय!" तेव्हापासून ते अलिबागलासुद्धा मोडक्यातली मोडकी, पण कंडक्टरवाली गाडी बघून जात.

मग अब्बासभाई उरणला मुलाकडे राहायला गेले. मुलाचे तिकडे बंदरावर ट्रेलर आहेत. निघताना खिडकीतून ओरडले, "येतो पुढल्या गुरवारी! मग बघू कोण बरोबर ते!"

मामांनी तयारी सुरू केली. लायब्ररीतून कंपनी कायद्याचं पुस्तक आणलं आणि त्यात त्यांना घबाड सापडलं. मोठ्या कंपनीला पूर्ण वेळ सेक्रेटरी नेमावाच लागतो! मामा पुस्तक घेऊन माझ्या लॉजवर पळत आले. चप्पल एकाच पायात.

"डायरेक्टर म्हणजे कोण? ड्रायव्हर. सेक्रेटरी म्हणजे कोण? कंडक्टर! आणि कायदा काय म्हणतो? कंडक्टर पायजेच! न्हाय नेमला तर दंड! आता मी सेक्रेटरी व्हतो आणि सर्टिफिकेट अब्बासच्या नाकासमोर धरतो."

झालं. पहाटेपासून कलमं मोठ्याने. मामांचं घर माझ्या लॉजला लागून. पुण्याचं एक जोडपं उतरलं होतं, ते चहा पिताना विचारतं, "हे कुठलं स्तोत्र हो?" मी म्हटलं, "कंपनीस्तोत्र. ऐकलं की धंद्याला बरकत येते." त्यांनी चपला काढल्या आणि ऋण उभारणीचं सबंध प्रकरण हात जोडून ऐकलं. जाताना कुंपणावरून नारळ ठेवून गेले. मामींनी त्याची चटणी केली.

मामांनी घराचा कारभारही कायद्यावर आणला. राज्यघटनेची सातवी अनुसूची स्वयंपाकघराच्या दारावर लावली: केंद्राची यादी, राज्याची यादी, दोघांची सामायिक यादी. मासळी कोणती आणायची हे सामायिक यादीत. मामींनी एकदाच ती अनुसूची समजावून घेतली. "सामायिक यादीत भांडण झालं तर कोणाचं चालतं?" त्यांनी विचारलं.

"केंद्राचं," मामा म्हणाले.

"मंग ठीक हाय. केंद्र मी. आज बांगडा."

दारातल्या कुत्र्याने तर कायद्याचा कीस पाडायला लावला. मामा एकटे असले की चहा घेत नसत, कोरम नाही म्हणून. मामी सभासद नाहीत, त्या केंद्र. मी म्हटलं, कुत्रा धरा की. मामा कळवळून म्हणाले, "अरे, कंपनी ही कायद्यानं व्यक्ती. देवळातला देव ही कायद्यानं व्यक्ती. कुत्रा न्हाय! मी काय करू? मला वाईट वाटत न्हाय का?" आणि बिचाऱ्याला बिस्कीट दिलं, निरीक्षक म्हणून.

परीक्षेचं म्हणाल तर मामा पहिल्या खेपेला नापास झाले. दुसऱ्या खेपेलाही. टपरीवर मंडळी टपूनच बसलेली. "काय मामा, उडाली विकेट? नापास?"

मामांनी पिशवी खाली ठेवली. "नापास न्हाय. तहकूब! कलम एकशे तीन वाच. अर्ध्या तासात कोरम भरला न्हाय तर सभा मोडत न्हाय, तहकूब व्हते. पुढल्या आठवड्यात, तोच वार, तीच वेळ, तीच जागा. समजलं? मी परत त्याच जागी बसणार. तू दात काढ, मी बसणार. तुझे दात पडतील, तरी मी बसणार."

तेव्हापासून "तहकूब" हा शब्द मुरुडच्या तोंडी बसला. मासळी मिळाली नाही, तहकूब. ठरलेलं लग्न मोडलं, तहकूब. कोणी मेलं की मात्र म्हणत नाहीत. बहुतेक.

याच कलमावरून मामा मोबाइलवरच्या क्लासच्या सरांशी भांडले. मी शेजारी होतो. सर पोरसवदा, कानात इअरफोनची बोंडं घातलेले. सांगत होते, तहकूब झालेल्या सभेलाही कोरम भरला नाही, तर जे सभासद हजर असतील तोच कोरम. मामांनी हात वर केला. मोबाइलला दिसतो असं त्यांना वाटे.

"सर, दुसऱ्या येळीबी एकटाच माणूस आला तर?"

"एकटा माणूस म्हणजे सभा नाही, काका. सभेला किमान दोघं लागतात."

"पण तो येऊन बसला हाय ना!"

"बसू दे. सभा नाही."

"सर, मी रात्रीच्या वस्तीची गाडी एका पॅसेंजरवर नेलीय! शेवटच्या गावापर्यंत! एक म्हातारी होती. गाडी रिकामी म्हणून रद्द न्हाय केली. अब्बास म्हणाला, मार डबल घंटी, निघू. गेलो."

"काका, ते सिलॅबसमध्ये नाही."

मामांनी सरांचा आवाज बंद केला. स्वतःचा चालू ठेवला.

मला वाटलं, नेहमीचा हट्ट. पण एका गुरुवारी दुपारी मी गिऱ्हाईक आणायला स्टँडवर गेलो, तर बाकावर मामा. इस्त्रीचा शर्ट, हातात पुस्तक, शेजारची जागा रुमाल टाकून धरलेली. चारला उरणची गाडी आली. विनावाहक. माणसं उतरली. मामा मान उंच करून बघत राहिले. ड्रायव्हरने खिडकीतून एक डबा दिला. "मामा, अब्बासभाईंनी जवळा पाठवलाय. आणि निरोप हाय, कंडक्टरशिवाय गाडी वेळेवर पोचली."

"त्याला सांग," मामा गरजले, "प्रॉक्सी कोरममध्ये धरत न्हाय! जातीनं हजर व्हायला सांग!"

डबा घेतला. अर्धा तास बसले. मग घड्याळ बघितलं, रुमाल झटकला आणि एरवी होडी उलटवणाऱ्या त्या आवाजात नाही, तर अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "तहकूब." मला पाहिलंच नाही त्यांनी. टपरीवाल्याला विचारलं तर म्हणाला, "दर गुरवारी असतात. तोच वार, तीच जागा. तुम्हाला माहीत न्हाय?"

मला! मुरुडातली प्रत्येक गोष्ट घडण्याआधी सांगणाऱ्या मला!

मामांच्या पुढच्या परीक्षेचं केंद्र पनवेलकडे आलं, आणि पेपर नेमका गुरुवारी. कंडक्टरवाली गाडी वेळेत पोचवणारी नव्हती, म्हणून मी माझी गाडी काढायची ठरलं. आदल्या दिवशी उरणच्या गाडीचा तोच ड्रायव्हर माझ्याकडे जेवायला आला आणि बोलता बोलता सांगून गेला. अब्बासभाईंची नजर गेली होती. उजेड-अंधार कळे, तेवढंच. मुलगा ट्रेलरवर, दिवसदिवस बाहेर. म्हातारा म्हणे दोनदा मुरुडला यायला एकटा स्टँडपर्यंत आला. पायरी चाचपली. गाडीत हात द्यायला कोणी नाही, मागून माणसं ढकलतात. ड्रायव्हरकीत जन्म गेलेला माणूस, मला चढवा असं कोणाला सांगेल? परत गेला. मुलाकडून जवळ्याचा डबा भरून घेतला आणि निरोप द्यायला लागला.

मी मामींना सांगितलं. मामींनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाल्या, "पेपर होईस्तोवर बोललास तर बघ. तिसऱ्यांदा बसतोय तो."

मी शपथ घेतली. पण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे देवालाही माहीत आहे. वडखळला वडा खायला थांबलो. मामा कलमं पुटपुटत होते. वड्याचा पहिला घास माझ्या तोंडात गेला आणि अब्बासभाई बाहेर आले.

मामांनी वडा कागदावर ठेवला. पुस्तक मिटलं. पुढे रस्ता फुटतो, सरळ पनवेल आणि एक फाटा उरणला. फाटा आला तेव्हा मामा म्हणाले, "वळव."

"मामा, पेपर! मामी मला जिवंत—"

"तहकूब," मामा म्हणाले. "वळव गाडी."

अब्बासभाई ओट्यावर खुर्ची टाकून रस्त्याकडे तोंड करून बसले होते. ट्रेलर जात होते आणि ते स्वतःशी बोलत होते, "हा रिकामा. हा भरलेला. ह्याचा गियर कोणी पोरटा टाकतोय." मामा फाटकात उभे राहिले. शर्ट सारखा केला. दोनदा खाकरले. मग एकदम:

"चला, पुढे सरका!"

म्हाताऱ्याचे हात खुर्चीवर घट्ट झाले. मान वळली नाही. "सुट्टे हायत का?" ते म्हणाले.

नंतरचं भांडण मी लिहीत नाही, कागद टिकणार नाही. उरणची कुत्री पळाली. "जवळा कोणी खाल्ला?" "प्रॉक्सी व्हता तो!" "मंग परत का न्हाय पाठवलास?" सून चहा घेऊन आली आणि तशीच उभी राहिली. तिने सासऱ्याचा एवढा आवाज कधी ऐकला नव्हता.

शेवटी मामांनी कमरेवर हात ठेवले. "आता सांग. कंडक्टरशिवाय गाडी चालते का न्हाय?"

"चालते. रोज ऐकतो ना मी. मस्त चालते." अब्बासभाई थांबले. "मला तेवढी चढता येत न्हाय."

मामांनी कमरेवरचे हात काढले. त्यांनी मुरुडची गाडी कितीची ते विचारलं.

मी म्हटलं माझी गाडी आहे. दोघं एकदम म्हणाले, "एसटीनं!" मी माझी गाडी ट्रेलरांच्या रांगेत लावून दिली आणि त्यांच्या मागोमाग एसटीनंच निघालो. हे बघायला मिळणार असेल तर गाडी गेली खड्ड्यात.

मुरुडची गाडी विनावाहक. ज्या पायरीवर पाय न ठेवण्याची प्रतिज्ञा, त्या पायरीवर मामा आधी चढले, वळले, हात खाली दिला. "उजवा पाय. आता डावा. मागच्यांनी थांबा, घाई करू नका!" मागचे थांबले. त्याही मागे उभी असलेली पेणची गाडी थांबली, मी शपथेवर सांगतो. अब्बासभाईंना ड्रायव्हरच्या पाठीमागच्या सीटवर बसवलं, खिडकीकडे. मामा मात्र बसले नाहीत. आपल्या जागी, दाराशी उभे राहिले. हात सवयीने वर गेला आणि तसाच राहिला. या गाडीत दोरी नव्हती.

पोरगा ड्रायव्हर आरशात बघत होता. "काका, बसा की."

मामांनी मागचे सगळे बसलेत का ते बघितलं, दार ओढलं आणि पत्र्यावर बोटांच्या पेरांनी दोनदा वाजवलं.

ड्रायव्हरने गियर टाकला. आणि त्याच्या पाठच्या सीटवर, डोळे मिटून बसलेल्या अब्बासभाईंचा उजवा पाय चपलेतून बाहेर आला आणि गाडीच्या जमिनीवर हळूहळू दाबला गेला.