मथुराबाईच्या कूलरातला समुद्र

दोन हजार तेवीसचा मे महिना. यवतमाळात ऊन असं, की गल्लीतली कुत्रीही नालीत बसून दिवस काढत होती. त्या दिवसांत शकुबाईकडे तिची भाची प्रेरणा राहायला आली ती समुद्र घेऊनच. वीस लिटरच्या कॅनमध्ये.

"यात डोळ्यांना न दिसणारी रोपं आहेत, आत्या," ती म्हणाली. "पाण्यात नायट्रोजन किती, फॉस्फरस किती, त्यावरून ती किती वाढतील याचं गणित मी कॉम्प्युटरवर मांडते."

"म्हणजे कपाशीच्या पराटीले युरिया, डीएपी देतो तसंच."

"अगदी तसंच. फक्त शेत समुद्रात."

गणिताप्रमाणे पाणी केव्हाच हिरवं व्हायला हवं होतं. ते मात्र नितळच. महिनाअखेर हिरवं झालं नाही तर सगळं गणित पहिल्यापासून मांडा, असं तिच्या पीएच.डी.च्या सरांनी कळवलं होतं. प्रेरणा रोज सकाळी कॅनकडे बघे आणि अर्ध्या जेवणावरून उठे. शकुबाईला ते बघवत नसे.

एका दुपारी प्रेरणा बाहेर गेलेली. शकुबाईचा डोळा लागला. स्वप्नात ती मुकुटबनला माहेरच्या विहिरीवर, मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्यात पाय सोडून बसली होती. तेवढ्यात पाणीवाला बाबुलाल आला.

"बाई, कोणती कॅन नेऊ?"

"खिडकीखालची."

"ही तं भरेल हाय."

"मंग दे कोणा तहानेल्याले," शकुबाई थारोळ्यातूनच म्हणाली.

जाग आली तेव्हा खिडकीखाली कॅनचा नुसता ओला गोल उरला होता. ती तशीच धावली. कोपऱ्यावर बाबुलालचा ऑटो सापडला. कॅनांच्या मधोमध बसून ती निघाली.

बाबुलालने ती कॅन ज्यांना दिली होती ते विठ्ठलराव फाटकातच उभे होते, हातात बशी.

"चाहात मीठ टाकलं म्हून मी बायकोवर खेकसलो. आता ते बोलूनच नाई राह्यली! बाबुलाल, तुया कॅनमधी काय समुद्र भरेल हाय का?"

"हो," शकुबाई म्हणाली. "कुठी हाय तो?"

"कूलरात टाकाले शेजारच्या मथुराबाईले देऊन टाकला."

मथुराबाईंचा कूलर नळ न आल्यामुळे कोरडा पडला होता. आता तो खिडकीत, पाठ उन्हात ठेवून घुमत होता आणि म्हाताऱ्या मथुराबाई त्यासमोर खाटेवर निजल्या होत्या. खोलीत ओला, खारट वारा भरलेला. शकुबाई दारातच थबकली. आपण कशाला आलो हे तिला क्षणभर आठवेना.

"मथुराबाई, बंद करा वं तो. ते पाणी माया भाचीचं हाय."

"हळू बोल. लाटा येऊन राह्यल्या." मथुराबाईंनी डोळे उघडले नाहीत. "जलमात एवढं पाणी नाई पाह्यलं. याले दुसरा काठच नाई."

निरोप मिळताच प्रेरणा आली. कूलरात डोकावली, मग त्या झोपलेल्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

"राहू दे, आत्या," ती रडवेली होऊन म्हणाली. "तसंही ते हिरवं होत नव्हतंच."

चार दिवसांनी मथुराबाईंनी हाक मारली, "शकू, कूलरात पालक शिजला वं!"

प्रेरणा धावली. पाणी हिरवंगार.

"म्हणजे खताचं प्रमाण बरोबर होतं! मग घरी काय कमी पडलं? ऊन तर मी गणितात भरपूर धरलं होतं."

शकुबाई हळूच म्हणाली, "तू बाहेर गेली का मी रोज त्यावर ओलं पोतं टाकत होती. एवढ्या उन्हात नाजूक रोप उघडं ठेवते का कोणी, माय?"

हसता हसता प्रेरणाच्या डोळ्यांतून पाणी आलं.

पुढे प्रेरणा डॉक्टर झाली. तिच्या प्रबंधात सावलीवर एक जादा प्रकरण आहे. बाबुलाल भरलेली कॅन उचलण्याआधी थेंबभर चाखून बघतो. विठ्ठलरावांना अजून स्वतःचा चहा स्वतःच करावा लागतो. कूलर मिठाने गंजून बसला. प्रेरणाने मथुराबाईंना नवा घेऊन दिला आणि त्यांना नि आत्याला समुद्र दाखवायचं ठरवलं.

"एकदा पाह्यला न," मथुराबाई म्हणाल्या. "पुन्हा पुन्हा कायले?"

मग शकुबाईच तेवढी प्रेरणाबरोबर गेली. वाळूवर उभी राहिली, वारा अंगावर आला, तिने डोळे मिटले.

"कसा आहे समुद्र, आत्या?"

"चांगला हाय," शकुबाई म्हणाली. "अगदी मथुराबाईच्या खोलीवानी."